नऊ वर्षं उभ्या राहिलेल्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खानापूरजवळच्या गावात आजोबांची महिंद्राची सीजे ३बी जीप गोठ्याशेजारच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती. आता तुम्ही ती चालू केलीत, ब्रेक करून घेतलेत. चाळीसच्या पुढं काटा गेला की मागून सारखी घुमघुम येते आणि डाव्या मागच्या ड्रममधून तेल उतरतंय. गावातल्या मिस्त्रींनी ‘क्राउन-पिनियन गेलंय, नवा सेट टाका’ असं सांगितलं. क्राउन-पिनियन म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेली दातेरी चाकांची जोडी; लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतं. तुम्ही विचारताय की मागचा अ‍ॅक्सल घरी खोलता येईल का आणि सेट कुठला आणायचा.

बेळगावात शहापूरला माझं गॅरेज आहे आणि तीस वर्षांहून जास्त काळ मी जुन्या जीपच करतोय. त्यावरून सांगतो, सेट कुठला हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी आवाज कशाचा ते ठरवायचं. तुमच्याकडं तक्रारी दोन आहेत, घुमघुम आणि तेल. मिस्त्रींनी त्या एकत्र बांधल्या, पण बऱ्याचदा त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो.

गाडी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. पण नऊ वर्षं उभी असलेली जीप म्हटल्यावर माझा पहिला संशय बेअरिंगवर जातो, दातांवर नाही. उभ्या गाडीत तेल हाउसिंगच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या लोखंडी घराच्या, तळाला बसतं. बेअरिंगचा खालचा भाग तेलात राहतो, वरचा उघडा पडतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पावसाळा तुम्हाला मी सांगायला नको. चार महिने ती ओल हवेतून आत शिरते आणि रोलर जिथं कपावर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) टेकलेत तिथंच गंज धरतो. कप पुसून उजेडात धरलात तर रोलरच्या अंतरानं ओढलेल्या काळ्या आडव्या रेघा दिसतील, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. त्या रेघांवरून रोलर धावायला लागले की घुमघुम सुरू होते. क्राउन-पिनियनचे दात मात्र तेलाच्या थराखाली राहिले असतील तर बऱ्याचदा धडधाकट असतात. आणि तुमच्या आजोबांनी जीप शेतीसाठी वापरली असेल, भाड्यानं माणसं कोंबून नव्हे, तर शक्यता आणखी वाढते.

म्हणून पाना उचलायच्या आधी गाडी चालवून आवाज ऐका. जीपला लगचे (जाड गुट्ट्यांचे) टायर असतील तर ते स्वतःच घुमतात. डांबरावरून कच्च्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर टायर. अ‍ॅक्सलचा आवाज रस्ता बदलला म्हणून बदलत नाही. मग सपाट रस्त्यावर एका वेगावर या. ओढ दिल्यावर आवाज वाढतो की अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर वाढतो ते बघा. फक्त ओढ देताना किंवा फक्त सोडल्यावर येत असेल तर क्राउन-पिनियनची बैठक किंवा पिनियनची बेअरिंगं. ओढ द्या नाहीतर सोडा, आवाज तोच राहत असेल तर चाकाचं किंवा क्राउनच्या बाजूचं बेअरिंग. हळू वळण घेताना एका बाजूला झुकल्यावर आवाज वाढला तर चाकाचं बेअरिंग जवळजवळ नक्की. गाडी निघताना ‘खट्’ असा एकच ठोका बसत असेल तर तो घुमघुमीपेक्षा वेगळा आजार आहे: बहुतेक प्रॉपेलर दांड्याचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा), नाहीतर आतली छोटी गिअरं झिजलेली.

जीपवाल्यांना आणखी एक सोय आहे, जी साध्या मोटारवाल्यांना नाही. मागचा प्रॉपेलर दांडा काढा, क्रॉसच्या वाट्या चिकटपट्टीनं गुंडाळून ठेवा म्हणजे आतल्या बेअरिंगच्या सुया सांडणार नाहीत, आणि फोर-व्हील हायमध्ये टाकून फक्त पुढच्या चाकांवर गाडी सांभाळून चालवा. पुढं लॉक होणारे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बसवले असतील तर आधी ते लॉक करा. ओढ देतानाचा आवाज गेला तर क्राउन-पिनियनच्या बाजूला बघायचं. आवाज तसाच राहिला तर चाकाची बेअरिंगं, नाहीतर पुढचा भाग. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यात कितीतरी पैसे वाचतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. सीजे ३बीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावरच्या ड्रमवर असतो आणि दांड्यामार्फत चाकं धरतो. दांडा काढला की हँडब्रेक संपला. दांडा जागेवर असला तरी मागचं एकच चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी आतली गिअरं) ते चाक उलटं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. हँडब्रेक ओढलाय म्हणून निर्धास्त होऊन गाडीखाली शिरलेल्या माणसांवर जीप सरकलेली मी पाहिली आहे. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर ठोका आणि चासीखाली भक्कम घोडे (स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हातसुद्धा घालू नका.

आता तेलाचं. ड्रम काढल्यावर बोटाला काय लागतं ते बघा. पातळ असेल आणि पाण्यानं धुतलं जात असेल तर ते ब्रेक ऑइल. ब्रेक नुकतेच केलेत म्हणता, व्हील सिलिंडर गळत असू शकतो. पिवळट, चिकट ओघळ असेल तर ग्रीस जास्त भरलंय. काळसर, जाड आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते अ‍ॅक्सलचं गिअर ऑइल, म्हणजे नळीतलं आतलं सील गेलं. सील बदलण्याआधी हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, बघा. बोटाएवढी ती नळी लाल मातीनं बुजलेली असते. गाडी चालून हाउसिंग गरम झालं की आतली हवा फुगते, वाट सापडली नाही तर सीलमधून तेल ढकलते. आणि गरम अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातूनच पाणी आत ओढते. घाटाखालच्या जीपांचं दुधासारखं झालेलं तेल मी दर पावसाळ्यात काढतो. तुमचं तेल तसं असेल तर बेअरिंगांवर गंज असणारच.

तेल सोडायचं ते पाच-सात किलोमीटर चालवून, गरम असताना. प्लगला लोहचुंबक लावा. काळं, मऊ, काजळासारखं मलम लागलं तर घाबरू नका, ती रोजची झीज. बोटांत टोचणारे चकचकीत पापुद्रे किंवा दाताचे तुकडे लागले तर मात्र खोलणं आलंच.

हब काढताना बरीच मंडळी चुकतात, त्यामुळं तिथं सावकाश सांगतो. या जीपचा मागचा अ‍ॅक्सल अर्धतरंगता आहे, म्हणजे चाकाचं ओझं अ‍ॅक्सलच्या दांड्यावरच येतं. दांड्याचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब चावीसह (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीसह) बसतो आणि मोठ्या नटानं आवळलेला असतो. गाडी जमिनीवर असतानाच स्प्लिट पिन काढून नट सैल करा. डाव्या बाजूच्या चाकाचे नट जुन्या जीपला उलट्या आट्याचे असतात; स्टडच्या टोकावर खूण असते. ते न बघता दोन माणसं पाइप लावून लोंबकळतात आणि स्टड तोडतात. हबचा मोठा नट चार आटे सैल करून तिथंच ठेवा, पूर्ण काढू नका. हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून उडतो, तो नटावर अडला पाहिजे. पुलर, म्हणजे हब ओढून काढायचं हत्यार, हबच्या स्टडना बोल्ट होणारा घ्या. ड्रमच्या कडेला पकडणारा तीन नखांचा पुलर लावलात तर ड्रम वाकतो आणि नवीन ब्रेकला थरथर लागते. पुलर जमेल तेवढा आवळा, त्याच्या बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचा एक घाव घाला, थोडा वेळ थांबा, पुन्हा आवळा. मी रात्रभर ताणलेला ठेवून सकाळी आपोआप सुटलेला हबही पाहिलाय.

दांड्याच्या टोकावर मात्र थेट हातोडा मारू नका. शिकाऊ असताना मी तो मारला. हब निघाला, मी खूश. जोडून गाडी दिली आणि पंधरा दिवसांत ती ओढत परत आली. दोन्ही दांड्यांची आतली टोकं मधल्या एका छोट्या लोखंडी ठोकळ्यावर टेकतात. माझ्या घावानं तो तडकला होता, पलीकडच्या बेअरिंगच्या कपावर रोलरचे ठसे उमटले होते आणि ठोकळ्याची कपची दातांतून फिरून गेली होती. माझ्या उस्तादांनी तो कप माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाले, ‘‘घाई काय करालास? आधी ऐक, मग खोल.’’ तो कप अजून माझ्या टेबलावर आहे.

हब निघाल्यावर ब्रेकच्या बॅक प्लेटमागं पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. दांडा आतबाहेर किती हलायचा ते त्यांवर ठरतं आणि मधला ठोकळा मधोमध राहावा म्हणून दोन्ही बाजूंना त्या सारख्या विभागलेल्या असतात. डाव्या बाजूच्या डाव्या तारेत, उजव्या बाजूच्या उजव्या तारेत ओवून ठेवा, चिठ्ठी बांधा. नळीतलं बेअरिंग ग्रीसवर चालतं, तेलावर नाही. आतलं सील तेल अडवतं, बाहेरचं ग्रीस. दोन्ही सीलं एकदमच बदला. सीलचा ओठ जिथं दांड्यावर घासतो तिथं नखाला खाच लागत असेल तर नवीन सीलही गळेल. तिथं पॉलिश करून घ्या किंवा सील दोन-तीन मिलिमीटर सरकवून बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल.

निमुळत्या टोकाची बारकाईनं तपासणी करा. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून केसासारखा तडा निघालेला असेल तर तो दांडा पुन्हा वापरायचा नाही. तडा दिसत नसेल तर दांडा रॉकेलनं ओला करून कोरडा पुसा आणि खडूची पूड लावा. तड्यातलं रॉकेल खडूवर रेघ होऊन येतं.

इथवरचं सगळं घरी होतं. थोडक्यात: आवाज ऐकला, तेल ओळखलं, हब काढले, चाकाची बेअरिंगं आणि सीलं बघितली. तुमच्यासारख्या निम्म्याहून जास्त जीपा माझ्याकडं इथंच बऱ्या होतात आणि मागचं झाकण उघडून नुसतं बघून पुन्हा लावलं जातं.

झाकणाचे बोल्ट काढल्यावर पहिलं काम खोलण्याचं नाही, मोजण्याचं. मागं क्राउन आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर दोन टोप्या दिसतील. पुसून घ्या. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) क्राउनच्या दाताला लावून पिनियन धरा आणि क्राउन पुढंमागं हलवा. दातांतली ढिलाई कळेल. नव्या जोडीला ती पाच ते दहा थाऊ लागते. इंचाचा हजारावा भाग म्हणजे आमचा थाऊ, पाच ते दहा म्हणजे साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर. चार ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा.

मग शेंदूर. थोडा शेंदूर इंजिन ऑइलमध्ये दहीभाताएवढा घट्ट कालवायचा. शेंदरात शिसं असतं, म्हणून हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. क्राउनच्या सात-आठ दातांना ब्रशनं पातळ थर द्या, एकानं लाकडाच्या तुकड्यानं क्राउनला अडवून धरायचं आणि दुसऱ्यानं पिनियनचा फ्लँज (प्रॉपेलर दांडा जोडायची बाहेरची चकती) दोन्ही दिशांना फिरवायचा. दातावर जिथं दाब आला तिथला शेंदूर पुसून लोखंड चमकतं. चांगला ठसा दाताच्या मधोमध, लांबट, कडांपासून सुटलेला असतो. ठसा दाताच्या टोकाकडं वर चढलेला असेल तर पिनियन लांब राहिलंय, शिम वाढवून ते आत न्यायचं. दाताच्या मुळाशी उतरला असेल तर पिनियन फार आत गेलंय. ठसा क्राउनच्या आतल्या कडेला जात असेल तर क्राउन थोडी लांब सरकवायची, बाहेरच्या कडेला जात असेल तर जवळ आणायची. या ठशाचा आणि आकड्यांचा फोटो काढा.

आता माझ्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जुनी जोडी ४०-५० वर्षं एकमेकींवर घासून बसलेली असते. तिची ढिलाई दहाऐवजी चौदा थाऊ आली म्हणून ती ‘कंपनीच्या मापात’ आणायला जाऊ नका. झिजलेले दात नव्या जागी नेले की जिथं कधीच घासले नव्हते तिथं ते एकमेकांना भिडतात आणि घुमघुमीची शिटी होते. दात चांगले असतील, खड्डे किंवा तुकडे नसतील, तर जोडी काढून जशीच्या तशी, त्याच जागी परत बसवायची. बदलायची ती बेअरिंगं आणि सीलं. चोर्ल्याच्या बाजूचे एकजण दुसरीकडं नवा सेट टाकून घेऊन माझ्याकडं आले होते. खोलल्यावर नव्या पिनियनमागं जुन्याच शिम निघाल्या, नवी बेअरिंगंही तशीच ठोकलेली. पहिल्यापेक्षा मोठ्यानं घुमत होती गाडी. त्यांचा जुना सेट अजून त्यांच्या माळ्यावर होता आणि त्याचे दात चांगले होते. त्यांना दोनदा खर्च झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

नव्या बेअरिंगची उंची जुन्यापेक्षा एक-दोन थाऊ कमी-जास्त असू शकते. पिनियनच्या आतल्या बेअरिंगचा तेवढा फरक शिममध्ये भरून काढावा लागतो. उद्यमबागेतला एक टर्नर माझी ही मापं घेतो. मी घाई केली की तो कन्नडमध्ये म्हणतो, ‘‘स्वल्प तडीरी,’’ जरा थांबा, आणि जुनं-नवं बेअरिंग मायक्रोमीटरनं तीन-तीनदा मोजतो. बेळगावात फाउंड्र्या आणि मशीनशॉप भरपूर आहेत, मापासाठी कुणी ना कुणी मिळतंच. तीन, पाच, दहा थाऊच्या शिमही मिळतात.

क्राउन बाहेर काढायची वेळ आलीच तर दोन्ही टोप्यांवर आणि हाउसिंगवर पंचानं खुणा करा, एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. टोप्या हाउसिंगसोबतच घासलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. हाउसिंग थोडं फाकवल्याशिवाय क्राउनचा गोळा निघत नाही. फाकवणीचं हत्यार वापरा आणि वीस थाऊच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या पुढं अजिबात फाकवू नका, नाहीतर हाउसिंग कायमचं वाकतं. माझ्या मते हा भाग ज्याच्याकडं डायल गेज आणि फाकवणी आहे त्याच्याकडूनच करून घ्यावा.

पिनियनची बेअरिंगं बसवताना त्यांच्यात किती ताण ठेवायचा हे पुस्तकात इंच-पाउंडमध्ये दिलेलं असतं: नव्या बेअरिंगांना सील न घालता २० ते ४० इंच-पाउंड. गावात तो जोर मोजणारा टॉर्क पाना नसतो, म्हणून मी असं करतो. फ्लँजला मध्यापासून दहा इंचावर भोक असलेली लोखंडी पट्टी बोल्ट करतो, फ्लँजचा नट पूर्ण आवळतो आणि भोकात स्प्रिंगच्या तराजूचा काटा अडकवून आडवा ओढतो. पट्टी एकसारखी फिरताना काट्यानं एक ते पावणेदोन किलो दाखवायला हवं. कमी आलं तर शिम काढायची, जास्त आलं तर घालायची. नट सैल करून ताण कमी करायचा नाही, नट पूर्णच आवळायचा.

समजा ठसा वाईट निघाला, दातांना खड्डे पडलेत आणि नवा सेट लागणारच. तर आधी जुने दात मोजा. सीजे ३बीला सहसा क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात, म्हणजे ५.३८ चं प्रमाण. पण इतक्या वर्षांत गाडीचा अ‍ॅक्सल कुणी बदललाही असेल, म्हणून पुस्तकावर नाही, तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. मागं वेगळ्या प्रमाणाचा सेट टाकला आणि पुढचा तसाच राहिला तर फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस तोडतात. पिनियन आणि क्राउनवर जोडीचा सारखाच नंबर कोरलेला असतो, तो जुळवा. शिवाय पिनियनच्या डोक्यावर +२, −१ असा एक छोटा आकडा असतो, तोही थाऊमध्ये. जुनं +२ आणि नवं −२ असेल तर चार थाऊची शिम वाढवायची. तिथून सुरुवात करून शेंदरानं पक्कं करायचं.

जोडताना निमुळतं टोक आणि हब दोन्ही कोरडे, स्वच्छ. तिथं ग्रीस लावायचं नाही. ताकद त्या घट्ट बसणीतून जाते, चावी फक्त आधाराला असते. नट किमान १५० फूट-पाउंड. टॉर्क पाना नसेल तर तीन फुटी पाइपच्या टोकाला २३ किलोचा जोर. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढं आवळायचा, मागं घ्यायचा नाही. तेल ईपी ९०, हायपॉइड गिअरसाठीचं, फिलर प्लगच्या तोंडाशी येईपर्यंत. शंभर किलोमीटरनंतर मोठे नट पुन्हा आवळा, हजार किलोमीटरनंतर तेल बदला.

मृग लागायच्या आधी हे उरकून घ्या, ब्रीदरसकट. पण सेटची ऑर्डर आत्ता देऊ नका. प्रॉपेलर दांडा काढून चालवून बघा, डावा हब काढा, झाकण उघडा, आणि शेंदराच्या ठशाचा फोटो, ढिलाईचे चार आकडे आणि क्राउनच्या दातांची संख्या मला पाठवा. तेवढ्यावरून सेट लागणार की नुसती बेअरिंगं, हे मी तुम्हाला सांगू शकेन.